पहिला डोस अ‍ॅम्ब्युलन्स सुटायच्या आधी द्या: गोव्याच्या आरोग्य संचालनालयाला खुलं पत्र

माननीय आरोग्य संचालक, आणि पीएचसी-सीएचसीत (प्राथमिक आणि सामुदायिक आरोग्य केंद्रांत) ड्युटी करणाऱ्या सगळ्या मेडिकल ऑफिसर आणि सिस्टर्सना,

नमस्कार. मी नर्स म्हणून निवृत्त झालेय, डिचोली तालुक्यात राहते, आणि हे पत्र सेप्सिसबद्दल आहे, म्हणजे इन्फेक्शनमुळे शरीराचे अवयवच निकामी व्हायला लागतात त्याबद्दल. मागणी आधीच सांगून टाकते. गोव्यातल्या कुठल्याही सरकारी केंद्रातून सेप्सिसचा संशय असलेला पेशंट वर पाठवताना त्याचा श्वास मोजलेला असावा, अँटिबायोटिकचा पहिला डोस गेलेला असावा, आणि दोन्हीची वेळ रेफरल लेटरवर लिहिलेली असावी. याला नवीन बिल्डिंग लागत नाही, नवीन मशीन लागत नाही, एक सर्क्युलर आणि थोडं ट्रेनिंग लागतं.

आत्ता काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. पेशंट येतो, ताप आहे किंवा नाही, गळून गेलाय, सलाईन लागतं, नातेवाईक घाबरलेले असतात म्हणून १०८ बोलावली जाते आणि कागदावर लिहिलं जातं ‘ताप, अशक्तपणा, पुढील उपचारासाठी पाठवत आहोत’. त्या कागदावर पल्स असते, बीपी असतं, आणि श्वासाच्या पुढे १८ नाहीतर २० असतं, कारण श्वास कुणी मोजतच नाही, तो नुसता लिहिला जातो. हे फक्त गोव्यात होतं असं नाही, जगभरच्या हॉस्पिटलांत होतं, पण म्हणून ते चालवून घ्यायचं का? सेप्सिसमध्ये सगळ्यात आधी बदलणाऱ्या गोष्टींमध्ये श्वास आहे आणि आपण नेमका तोच मोजत नाही.

एका बाईचं सांगते, नाव-गाव नको. वय पंच्याहत्तरच्या आसपास, जुना डायबेटिस, चार दिवस लघवीला जळजळ, दोन दिवस जेवण सुटलेलं. ताप अजिबात नव्हता, उलट हातपाय गार. मुलगा सगळ्यांना एकच सांगत होता, आई कालपासून उलटसुलट बोलतेय, सुनेला ओळखत नाही. पहिल्या ठिकाणी शुगर बघितली, सलाईन लावलं, अशक्तपणा लिहून पुढे पाठवलं, दुसऱ्या ठिकाणी बेड नाही म्हणून अजून पुढे. आमच्या वॉर्डात आली तेव्हा दिवस मावळला होता. श्वास मिनिटाला २६, पल्स ११२, वरचं बीपी १०४, आणि सकाळपासून अँटिबायोटिकचा एक थेंब गेलेला नव्हता. ती वाचली नाही. मुलाला शेवटी सांगण्यात आलं की इन्फेक्शन रक्तात पसरलं, वय झालं होतं. वय झालं होतं हे खरं, पण सकाळी ती बोलत होती, चहा मागत होती.

आता मोठे डॉक्टर म्हणतील की सेप्सिसची व्याख्याच एवढी बदलत आलीय, तर पीएचसीतल्या सिस्टरनी ती कशी ओळखायची. व्याख्या बदलली हे खरंय, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण याच कारणाखाली बरीच टोलवाटोलवी होते.

पहिली व्याख्या १९९१ साली अमेरिकेत झाली, छातीच्या आणि क्रिटिकल केअरच्या डॉक्टरांच्या दोन संघटना एकत्र बसल्या आणि चार खुणा ठरवल्या: ताप ३८ डिग्री सेल्सियसच्या वर किंवा ३६ च्या खाली, पल्स ९० च्या वर, श्वास २० च्या वर, आणि पांढऱ्या पेशी १२ हजाराच्या वर किंवा ४ हजाराच्या खाली. यातल्या दोन खुणा आणि सोबत इन्फेक्शन म्हणजे सेप्सिस. लक्षात ठेवायला सोपी होती पण जाळं फार मोठं होतं, पावसाळ्यात साधा फ्लू झालेलं कॉलेजचं पोरसुद्धा यात बसतं. आणि दुसऱ्या बाजूने खरे आजारी निसटायचे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या आयसीयूंमधला एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये आला, त्यात इन्फेक्शन असलेल्या आणि अवयव निकामी होत चाललेल्या दर आठ पेशंटमागे एकजण या नियमात बसतच नव्हता.

मग फेब्रुवारी २०१६ मध्ये तिसरी व्याख्या आली, तीच आजही चालते. इन्फेक्शनला शरीर जो प्रतिसाद देतं तोच बिघडतो, आणि त्या बिघाडाने आपलेच अवयव जिवावर बेतेल इतके निकामी व्हायला लागतात, ते म्हणजे सेप्सिस. म्हणजे जंतू किती आहेत त्यापेक्षा शरीराचं काय होतंय ते महत्त्वाचं. फुप्फुस, रक्तातल्या प्लेटलेट, लिव्हर, बीपी, मेंदू, किडनी अशा सहा गोष्टींना मार्क देतात, त्याला सोफा स्कोअर म्हणतात, आणि इन्फेक्शनमुळे तो दोन किंवा जास्त मार्कांनी वाढला की सेप्सिस. ‘सिव्हियर सेप्सिस’ हा वेगळा प्रकार तेव्हा काढून टाकला कारण अवयवाला धक्का बसल्याशिवाय आता सेप्सिस म्हणतच नाहीत. सेप्टिक शॉक म्हणजे पुरेसं सलाईन देऊनही सरासरी बीपी ६५ ला ठेवायला नॉरअ‍ॅड्रेनॅलिनसारखं औषध लागतं आणि रक्तातलं लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की वाढणारं आम्ल) २ च्या वरच राहतं, अशा पेशंटपैकी ४० टक्क्यांहून जास्त दगावतात.

मला ही व्याख्या आवडते, ती खरी आहे. पण बिलिरुबिन, क्रिएटिनिन, प्लेटलेट, रक्तातला ऑक्सिजन हे सगळं रात्री दहाला सत्तरीतल्या एखाद्या केंद्रात कुठून आणायचं? हे त्या डॉक्टरांनाही कळत होतं, म्हणून त्यांनी बेडजवळ करण्यासारखी तीन खुणांची छोटी चाचणी दिली, श्वास २२ किंवा जास्त, वरचं बीपी १०० किंवा कमी, आणि शुद्धीत फरक. तिच्यातही अडचण निघाली, ती पॉझिटिव्ह येईपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो, त्यामुळे २०२१ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइन्सनी स्पष्ट सांगितलं की नुसत्या या चाचणीवर विसंबून स्क्रीनिंग करू नका.

माझं म्हणणं असं आहे की व्याख्यांची ही चर्चा आयसीयूत आणि संशोधनात गरजेची आहे, जरूर करा. पण वर सांगितलेली बाई घ्या. १९९१ चा नियम लावा, श्वास आणि पल्स दोन्हीत ती बसते. २०१६ ची छोटी चाचणी लावा, श्वास आणि शुद्धी, दोन खुणा. ब्रिटनमधला न्यूज-टू चार्ट लावा, जो तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनी २०१७ मध्ये सुधारून दिला, त्यात श्वासाचे ३, नव्याने सुरू झालेल्या उलटसुलट बोलण्याचे ३, पल्सचे २, बीपीचा १, म्हणजे ९ मार्क, आणि ७ किंवा जास्त झाले की इमर्जन्सी समजायची असते. ताप नसतानाही! कुठलीही पट्टी लावली असती तरी ती सापडली असती, कुणी लावलीच नाही.

म्हणून प्रत्येक पीएचसीत, सीएचसीत, १०८ मध्ये हा न्यूज-टू चार्ट लावा अशी माझी मागणी आहे. श्वास, ऑक्सिजन, ऑक्सिजन लावलाय का, टेम्परेचर, बीपी, पल्स, शुद्धी. लॅब लागत नाही. कोविडपासून पल्स ऑक्सिमीटर सगळीकडे आलेत. श्वास मात्र घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचा, पेशंटला न सांगता. आणि घरच्यांचं ऐका. आई वेगळीच वागतेय असं मुलगा सांगतो तेव्हा ती तक्रार नसते, ते लक्षण असतं आणि ते चार्टवर गेलं पाहिजे. (हा चार्ट मोठ्यांसाठी आहे, सोळाच्या आतल्या मुलांना आणि गरोदर बायांना तो चालत नाही, त्यांचे वेगळे आहेत. मुलांच्या सेप्सिसची व्याख्यासुद्धा जानेवारी २०२४ मध्ये नव्याने आलीय, फिनिक्स म्हणतात तिला.)

आता उपचार. लोकांना वाटतं सेप्सिसचा इलाज म्हणजे व्हेंटिलेटर, डायलिसिस, मोठी मशिनं, म्हणजे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेजच (जीएमसी). थोडी मागची गोष्ट सांगते. २००१ मध्ये डेट्रॉइटच्या एका हॉस्पिटलातून अभ्यास आला, तिथे इमर्जन्सीतच मानेच्या शिरेत नळी घालून, ऑक्सिजन मोजत, सहा तास ठरलेल्या पायऱ्यांनी उपचार केले आणि मृत्यू साधारण ४६ टक्क्यांवरून ३० वर आले. जगभर त्याची कॉपी झाली. मग २०१४-१५ मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन अशा तीन ठिकाणच्या मोठ्या चाचण्यांनी तेच परत तपासलं तर त्या नळीचा वेगळा फायदा काही दिसला नाही, कारण तोपर्यंत साध्या उपचारातच लवकर ओळखणं, लवकर अँटिबायोटिक आणि लवकर फ्लुइड हे आलेलं होतं. डॉक्टर, हे आपल्यासाठी किती मोठं आहे बघा. सुरुवातीच्या तासांत जीव वाचवणारं जे काही आहे त्यातलं बरंचसं तुमच्या केंद्राच्या कपाटात आज पडलेलं आहे.

२०२१ च्या गाइडलाइन्स सांगतात की शॉक असेल किंवा सेप्सिस असण्याची दाट शक्यता असेल तर एका तासाच्या आत अँटिबायोटिक, आणि शॉक नाही आणि नुसती शंका आहे तर पटकन तपासून शंका टिकली तर तीन तासांच्या आत. कल्चरची (रक्तात कुठला जंतू आहे ते बघायची) बाटली असेल तर रक्त आधी घ्या, नसेल तर बाटलीसाठी डोस अडवू नका. बीपी पडलंय किंवा लॅक्टेट वाढलंय तर पहिल्या तीन तासांत किलोला ३० मिली सलाईन, शक्यतो रिंगर लॅक्टेटसारखं, म्हणजे ५० किलोच्या माणसाला दीड लिटर. तेवढ्याने बीपी आलं नाही तर नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, आणि तेही हाताच्या चांगल्या शिरेतून थोडा वेळ सुरू करता येतं, सेंट्रल लाइनची वाट बघत बसायची गरज नाही हेसुद्धा त्याच गाइडलाइन्समध्ये आहे. आणि पू कुठे साठलाय, मूतखडा अडकलाय का, पाय सडलाय का, ते शोधून मोकळं करणं, ते मात्र मोठ्या हॉस्पिटलातच.

सलाईनबद्दल एक इशारा. २०११ मध्ये युगांडा, केनिया आणि टांझानियात ३१४१ मुलांवर एक चाचणी झाली, ताप येऊन रक्ताभिसरण बिघडलेली मुलं, त्यात झटकन बोलस, म्हणजे थोड्या वेळात भरपूर फ्लुइड, दिलेल्या मुलांमध्ये मृत्यू जास्त झाले, पहिल्या ४८ तासांत साडेदहा टक्क्यांच्या आसपास, न दिलेल्यांत ७.३. तिथे व्हेंटिलेटर, आयसीयू नव्हतं. म्हणजे ओतत राहायचं नाही, बाटली लावून मान फिरवायची नाही, मध्ये मध्ये छाती ऐकायची, श्वास परत मोजायचा. आणि बोट बघायचं. बोटाचं पेर दहा सेकंद घट्ट दाबून सोडायचं आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं, तीन सेकंदांच्या वर गेला तर रक्त पोचत नाहीये. लॅटिन अमेरिकेतल्या पाच देशांत २०१९ ची एक चाचणी झाली, त्यात एका गटावर लॅक्टेट बघत उपचार केले आणि दुसऱ्यावर हे बोट बघत, आणि बोट बघणारा गट कुठे कमी पडला नाही. बोट तर सगळ्यांना आहे.

आता आपल्या गोव्याचं. आयसीएमआरचा २०२३ मध्ये आलेला देशभराचा सर्व्हे बघा, डायबेटिसचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात, २६.४ टक्के. पायाची जखम, लघवीचं इन्फेक्शन, न्यूमोनिया यातून सेप्सिसमध्ये जाणारी माणसं हीच. त्यात आपला पावसाळा, लावणीच्या वेळी चिखलात उघड्या पायाने उभी असलेली माणसं, त्यांना लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप). आणि सत्तरी, सांगे, डिचोलीच्या बाजूने काजूच्या बागांत, कुळागरात, झुडपांत वावरणारी माणसं, त्यांना स्क्रब टायफस. हा आजार आपल्याकडे आहे हे जीएमसीच्या डॉक्टरांनी २०१२ सालीच इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये लिहून ठेवलंय. बारीक किडा चावतो, चावलेल्या जागी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली येते, आणि ती काखेत, जांघेत, छातीच्या खाली लपलेली असते, कपडे काढून बघितल्याशिवाय दिसत नाही, बायांच्या बाबतीत तर हे काम सिस्टरलाच करावं लागतं. सांगायचं कारण म्हणजे सगळीकडे पहिला हात जातो तो सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन या अँटिबायोटिकवर, आणि ते स्क्रब टायफसवर चालत नाही! डॉक्सिसायक्लिन लागतं. आपल्याच देशात झालेली एक चाचणी २०२३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आली, गंभीर स्क्रब टायफसमध्ये डॉक्सिसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन शिरेतून दोन्ही एकत्र दिलं तर एकेकटं देण्यापेक्षा चांगला परिणाम. त्यामुळे आपलं प्रोटोकॉल अमेरिकेतून उचलून चालणार नाही, पावसाळ्यात कारण न कळलेल्या तापाचा पेशंट वाईट असेल तर पहिल्या डोसमध्ये डॉक्सी असलं पाहिजे, आणि हे संचालनालयाने लेखी दिलं पाहिजे म्हणजे एकट्या ड्युटी डॉक्टरवर निर्णयाचं ओझं येणार नाही. सोबत डेंग्यू, मलेरियाची रॅपिड टेस्ट, कारण डेंग्यूत अँटिबायोटिकचा उपयोग नाही आणि फ्लुइडचं गणितही वेगळं.

डॉक्टर लोकांची एक भीती मला रास्त वाटते. सगळ्यांना अँटिबायोटिक द्या म्हटलं की वाटेल तसं देतील, आणि आपल्या देशात आधीच क्लेबसिएलासारखे जंतू भारी भारी औषधांना जुमानेनासे झालेत. पण अँटिबायोटिकचा खरा गैरवापर कुठे होतो? सर्दीला फार्मसीतून तीन गोळ्या घेण्यात, ऑपरेशननंतर उगाच सात दिवस चालू ठेवण्यात. सेप्सिसचा पहिला डोस हा गैरवापर नाही. दोन दिवसांनी कल्चर बघून कमी करा, बदला, बंद करा, ते वरच्या हॉस्पिटलाने न चुकता केलंच पाहिजे, तेही प्रोटोकॉलमध्ये लिहा. चार्टवर मार्क नसलेल्या साध्या तापाच्या पेशंटला डोस द्या असं मी म्हणतच नाहीये.

आणि हे आपल्याला जमतं, कारण आपण एकदा केलंय. हार्ट अ‍ॅटॅकसाठी स्टेमी गोवा चालू झालं तेव्हा लोक असंच म्हणत होते की छोट्या हॉस्पिटलात कसं होईल. आज छाती दुखणारा पेशंट जवळच्या केंद्रात जातो, ईसीजी बांबोळीला पोचतो, तिथून सांगतात आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथल्या तिथे देतात, मग पेशंट हलतो. सेप्सिसलाही तेच पाहिजे, चार्टवर मार्क वर गेले की एक ठरलेला नंबर, पलीकडे जीएमसीतला डॉक्टर, डोस इथे, मग अ‍ॅम्ब्युलन्स. काणकोणहून किंवा पेडण्याहून बांबोळीला पोचून, कॅज्युअल्टीत नंबर लागून, औषध आणून डोस जाईपर्यंत किती वेळ जातो ते तुम्ही स्वतः एकदा एखाद्या पेशंटच्या कागदांवरून लावून बघा.

बाहेर काय झालं तेही सांगते. न्यूयॉर्कमध्ये २०१२ साली एक बारा वर्षांचा मुलगा शाळेत खेळताना हाताला खरचटून सेप्सिसने गेला, इमर्जन्सीतून त्याला पोटाचा त्रास म्हणून घरी पाठवलं होतं. आईवडील गप्प बसले नाहीत, २०१३ मध्ये त्या राज्याने सगळ्या हॉस्पिटलांना सेप्सिसचं प्रोटोकॉल आणि आकडे कळवणं बंधनकारक केलं, रोरीज रेग्युलेशन्स म्हणतात त्याला. त्या आकड्यांवरूनच २०१७ मध्ये दिसलं की अँटिबायोटिकला जसजसा तासाने उशीर होतो तसतशी मृत्यूची शक्यता वाढत जाते. त्याच वर्षी जागतिक आरोग्य परिषदेने सगळ्या देशांना सेप्सिसवर काम करायला सांगणारा ठराव केला, आपला देश त्या संघटनेत आहे. जगात २०१७ मध्ये अंदाजे १ कोटी १० लाख मृत्यू सेप्सिसशी जोडलेले होते, दर पाच मृत्यूंमागे एक. गोव्याचा आकडा मात्र निघणार कसा, जर डेथ सर्टिफिकेटवर कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट लिहिलं जात असेल? मरताना सगळ्यांचंच हृदय आणि श्वास थांबतो. इन्फेक्शन कुठलं, सेप्सिस होता का, एवढं तरी लिहायला लावा, आणि दर महिन्याला प्रत्येक तालुक्यातले असे मृत्यू काढून बसा, दोष द्यायला नाही, वेळ कुठे गेली ते बघायला.

जे वाचतात त्यांचं तर कुणीच विचारत नाही. महिनोन्‌महिने ताकद येत नाही, विसरायला होतं, परत इन्फेक्शन होऊन परत भरती. डिस्चार्ज कार्डवर सेप्सिस लिहा आणि त्यांच्या पीएचसीला कळवा, आमची एएनएम (गावातली आरोग्य सेविका) घरी जाऊन बघेल.

तर पुढचा पावसाळा सुरू व्हायच्या आधी हे सर्क्युलर निघावं अशी विनंती आहे. एकदम अख्ख्या गोव्यात जमत नसेल तर सत्तरी आणि डिचोली दोन तालुके घ्या, चार्ट छापा, डॉक्सीची इंजेक्शनं आणि कल्चरच्या बाटल्या स्टॉकला ठेवा, चार महिने चालवून वेळा तपासा आणि मग बाकीच्यांना द्या. ट्रेनिंगला माणसं कमी पडत असतील तर माझ्यासारख्या निवृत्त सिस्टर्स तालुक्यात बऱ्याच आहेत, आम्ही पैसे न घेता येऊ, श्वास कसा मोजायचा ते शिकवायला. उत्तराची वाट बघते.

आपली,
एक निवृत्त स्टाफ नर्स, डिचोली तालुका